अनुदेशन-रचनेच्या कार्यात प्रकल्प-व्यवस्थापनाचे स्थान

अध्यापनासाठी लागणारे साहित्य हेतुपूर्वक आखणे, ते सिद्ध करणे आणि त्याचा शिकणाऱ्यावर होणारा परिणाम पडताळून पाहणे या कार्यास अनुदेशन-रचना असे म्हणतात. इंग्रजीतील इन्स्ट्रक्शनल डिझाइन या संज्ञेचा अर्थ हाच होय. गेल्या काही दशकांत या कार्याचे स्वरूप पार पालटले आहे. पूर्वी एखादा अनुभवी शिक्षक आपली टिपणे घेऊन एकट्याने पाठ तयार करीत असे. आज तशाच एका पाठासाठी विषयतज्ज्ञ, संहितालेखक, चित्रकार, निवेदक, भाषांतरकार आणि परीक्षक अशी अनेक माणसे एकत्र यावी लागतात. एकाचे काम पुरे झाल्याखेरीज दुसऱ्याचे सुरू होत नाही. त्यामुळे अध्यापनशास्त्राच्या प्रश्नाबरोबरच कामाच्या आखणीचा प्रश्नही उभा राहतो.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न विशेषच जाणवण्यासारखा आहे. सांताक्रूझला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या जुहू आवारात शैक्षणिक तंत्रविज्ञानाचा विभाग आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत याच विषयात पीएच.डी. पर्यंतचे संशोधन चालते. १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे. या विषयाचे पदवीधर पुढे उद्योगसंस्थांच्या प्रशिक्षण विभागांत, शाळांच्या उपक्रमांत किंवा विद्यापीठांच्या दूरशिक्षणात काम करू लागतात. तेथे त्यांना अध्ययनाचे सिद्धान्त आठवतात. परंतु आठ जणांचे काम सहा आठवड्यांत कसे बसवावे, हे मात्र बहुधा कोणी शिकवलेले नसते.

या उणिवेकडे केवळ कार्यालयीन गैरसोय म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. वेळ अपुरा पडू लागला की कोणत्याही प्रकल्पात काहीतरी गाळावे लागते. संहिता गाळता येत नाही, चित्रे गाळता येत नाहीत, मुद्रणही गाळता येत नाही. कारण त्यांच्यावाचून पाठ दृश्य स्वरूपात उभाच राहत नाही. गाळता येते ती एकच गोष्ट, ती म्हणजे शिकणाऱ्याकडून पाठाची चाचणी करून घेणे. ती झाली नाही तरी पाठ पूर्ण झाल्यासारखा दिसतो. म्हणून अनुदेशन-रचनाकाराने व्यवस्थापन शिकावयाचे ते मुख्यतः वेळापत्रकाच्या शिस्तीसाठी नव्हे, तर प्रकल्पातील शिकणाऱ्याचा वाटा सुरक्षित राखण्यासाठी. प्रस्तुत विवेचनाचा हाच मध्यवर्ती मुद्दा आहे.

१. दोन परंपरा

अनुदेशन-रचना आणि प्रकल्प-व्यवस्थापन या दोन शास्त्रांचा उगम निरनिराळा आहे. पहिल्या शास्त्रातील सर्वांत परिचित प्रतिमान म्हणजे विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन ही पाच पदांची मालिका. १९७५ साली अमेरिकेतील फ्लॉरिडा स्टेट विद्यापीठात तेथील सैन्याच्या प्रशिक्षणासाठी जी पद्धती तयार झाली, तिच्यातून हे प्रतिमान विकसित झाले आणि पुढे ‘ॲडी’ या नावाने रूढ झाले. दुसऱ्या शास्त्राची साधने त्याहून जुनी आहेत. कामे आणि काळ यांची आडव्या पट्ट्यांनी मांडणी करणारा तक्ता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट याने प्रचारात आणला. १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट या रसायन-उद्योगात क्रिटिकल पाथची पद्धती आकारास आली, तर १९५८ मध्ये अमेरिकन आरमाराच्या पोलारिस क्षेपणास्त्र योजनेसाठी ‘पर्ट’ ही पद्धती योजली गेली.

कारखाना आणि क्षेपणास्त्र यांच्यासाठी घडलेली साधने शिक्षणास जशीच्या तशी लागू पडतील असे मानता येत नाही. कारखान्यातील यंत्र उभे राहिले म्हणजे काम संपते. पाठाचे तसे नाही. पाठ तयार होणे हे केवळ साधन. शिकणाऱ्याच्या ज्ञानात अगर कौशल्यात पडलेला फरक हे साध्य. ‘ॲडी’ प्रतिमान काय काय करावयाचे ते सांगते, परंतु कोणी, केव्हा आणि किती दिवसांत हे सांगत नाही. गँटचा तक्ता केव्हा ते सांगतो, परंतु कशासाठी हे सांगत नाही. दोहोंची सांगड घालणे हे रचनाकाराचे काम आहे.

२. पवईचे एक उदाहरण

ही सांगड प्रत्यक्षात कशी घालता येते, याचे बोधप्रद उदाहरण पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात आढळते. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र शासनाने २००९ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाची जी राष्ट्रीय योजना सुरू केली, तिच्यातून त्यास साहाय्य मिळाले. सायलॅब, लिबरऑफिस, पायथन यांसारख्या मुक्त संगणक-प्रणाली विद्यार्थ्यांना शिक्षकाच्या साहाय्यावाचून शिकता याव्यात, हा त्याचा उद्देश. प्रत्येक पाठ सुमारे १० मिनिटांचा असतो. पडद्यावर प्रणालीचे प्रात्यक्षिक चालू असते, त्यासोबत निवेदन ऐकू येते, आणि शिकणारा शेजारीच स्वतः ती क्रिया करून पाहतो. मूळ इंग्रजी पाठाचे निवेदन मराठीसह भारतीय भाषांत करण्याची योजना असून अशा भाषांची संख्या २२ पर्यंत जाते.

या प्रकल्पाची कार्यपद्धती तीन बाबतींत लक्षात घेण्याजोगी आहे. पहिली बाब म्हणजे कामाचा घटक लहान ठेवणे. दहा मिनिटांच्या मर्यादेस अध्यापनशास्त्राचा आधार आहेच. परंतु तिचा व्यवस्थापकीय लाभही तितकाच मोठा आहे. लहान घटकास किती दिवस लागतात याचा अंदाज बांधता येतो, तो एका व्यक्तीवर सोपवता येतो, आणि एखादा घटक रखडला तरी बाकीचे थांबत नाहीत.

दुसरी बाब संहितेची. मुद्रणापूर्वी संपूर्ण पाठ दोन स्तंभांत लिहून काढला जातो. एका स्तंभात पडद्यावर काय दिसेल ते, तर दुसऱ्यात निवेदक काय बोलेल ते. ही संहिता विषयाच्या जाणकाराने तपासावयाची, आणि नंतर त्या विषयात अगदी नवख्या असलेल्या व्यक्तीने. तिने केवळ संहितेच्या आधारे सांगितलेली प्रत्येक क्रिया करून पाहावयाची. जेथे ती अडते तेथे संहिता अपुरी आहे असे समजावयाचे. ही तपासणी मुद्रणाच्या अगोदर होते, हे महत्त्वाचे.

तिसरी बाब भाषांतराची. या पाठांत पडद्यावरील चित्रण तेच राहते, बदलते ते केवळ निवेदन. साहजिकच मूळ पाठाचे कोणते वाक्य कोणत्या क्षणी सुरू होते याची नोंद असलेली संहिता भाषांतरकारास द्यावी लागते, आणि मराठी वाक्य त्या अवधीत बसवावे लागते. बटण दाबल्यावर चार सेकंदांत पडदा बदलत असेल, तर दहा सेकंद चालणारे वाक्य कितीही सुंदर असले तरी निरुपयोगी ठरते. म्हणजे मूळ संहितालेखकाने वाक्ये आटोपशीर ठेवली नाहीत, तर त्याचा भार पुढील सर्व भाषांतरकारांवर पडतो.

यातून एक सामान्य तत्त्व निघते. संहितेत चुकलेले वाक्य त्या टप्प्यावर दुरुस्त करावयास काही मिनिटे पुरतात. तेच मुद्रणानंतर आढळले तर निवेदन पुन्हा करावे लागते. भाषांतरे झाल्यावर आढळले तर जितक्या भाषा तितक्या वेळा दुरुस्ती करावी लागते. चूक एकच, परंतु तिची किंमत टप्प्यागणिक वाढत जाते. नवशिक्याची तपासणी अगोदर करणे हे म्हणूनच शिकणाऱ्यावरचे उपकार नव्हेत. ते काटकसरीचे धोरण आहे. आर्थिक शहाणपण आणि अध्यापनशास्त्रीय शहाणपण येथे एकाच दिशेस नेतात.

३. कालमानाचा अंदाज

व्यवस्थापनाच्या कौशल्यांत सर्वांत कठीण कौशल्य म्हणजे कालमानाचा अंदाज बांधणे. या बाबतीत शिक्षणक्षेत्रातील तज्ज्ञही कसे फसतात याचे एक प्रसिद्ध उदाहरण मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमान यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. इस्राएलमधील माध्यमिक शाळांसाठी निर्णयप्रक्रिया या विषयाचा अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तक तयार करण्याकरिता त्यांनी एक मंडळ बनवले होते. काम पुरे होण्यास किती काळ लागेल, असे विचारता मंडळातील सर्वांचे अंदाज दोन वर्षांच्या आगेमागे आले. त्यानंतर मंडळातीलच एका अभ्यासक्रमतज्ज्ञास, अशाच इतर मंडळांचा अनुभव काय, असे विचारण्यात आले. त्याने आठवून सांगितले की सुमारे ४० टक्के मंडळांचे काम कधी पुरेच झाले नाही, आणि ज्यांचे झाले त्यांना सात ते दहा वर्षे लागली. विशेष म्हणजे काही क्षणांपूर्वी त्याने स्वतःही दोन वर्षांच्या आसपासचाच अंदाज दिला होता. हे ऐकूनही मंडळाने काम चालूच ठेवले. पुस्तकास आठ वर्षे लागली, आणि तोवर शिक्षणखात्याचा उत्साह मावळला होता. ते पुस्तक वापरात आलेच नाही.

काहनेमान आणि आमोस त्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीचे विश्लेषण केले. अंदाज बांधणारा स्वतःच्या कामाच्या पायऱ्या मोजतो. आजारपण, परीक्षा, बदल्या, मतभेद यांपैकी काय आड येईल हे त्यास दिसत नाही. त्यावर उपाय असा की, प्रथम तशाच प्रकारच्या पूर्वीच्या कामांना किती काळ लागला ते पाहावे आणि मग आपल्या कामाचे वेगळेपण विचारात घ्यावे. हा उपाय अमलात आणावयाचा तर पूर्वीच्या कामांच्या नोंदी हव्यात, आणि विद्यापीठीय विभागांत त्या क्वचितच ठेवल्या जातात. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाने अंदाजित दिवस आणि प्रत्यक्ष दिवस शेजारी शेजारी लिहून ठेवले, तर तीन-चार वर्षांत विभागापाशी स्वतःचे प्रमाण तयार होईल. संहितालेखनास ५ दिवस धरले आणि ८ लागले असतील, तर पुढील अंदाजास १.६ ने गुणावे, इतका साधा हा हिशेब आहे.

४. एक नमुना-गणित

क्रिटिकल पाथ या कल्पनेस मराठीत निर्णायक मार्ग म्हणता येईल. तिचा उपयोग एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, चार विद्यार्थ्यांच्या गटास घाटकोपर परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी १० मिनिटांचा एक मराठी पाठ तयार करावयाचा आहे. कामे व त्यांचे दिवस पुढीलप्रमाणे धरू:

अ. शिक्षकांच्या गरजांची पाहणी: ४ दिवस.
आ. उद्दिष्टे व चाचणीचे प्रश्न, ‘अ’ नंतर: ३ दिवस.
इ. संहितालेखन, ‘आ’ नंतर: ५ दिवस.
ई. विषयतज्ज्ञाचे परीक्षण, ‘इ’ नंतर: ६ दिवस.
उ. नवख्या व्यक्तीकडून तपासणी, ‘ई’ नंतर: २ दिवस.
ऊ. संहितेची दुरुस्ती, ‘उ’ नंतर: ३ दिवस.
ए. चित्रे, ‘इ’ नंतर केव्हाही: ५ दिवस.
ऐ. मुद्रण, ‘ऊ’ व ‘ए’ दोन्ही झाल्यावर: ३ दिवस.
ओ. शिक्षकांसमवेत अंतिम चाचणी व सुधारणा, ‘ऐ’ नंतर: ४ दिवस.

‘ई’ साठी धरलेल्या ६ दिवसांचे मूळ ‘पर्ट’ च्या सूत्रात आहे. परीक्षण लवकरात लवकर २ दिवसांत, बहुधा ५ दिवसांत आणि उशिरात उशिरा १४ दिवसांत होईल असे मानले, तर संभाव्य कालावस्थेस चारने गुणून त्यात इतर दोन मिळवावयाच्या आणि सहाने भागावयाचे. २ अधिक २० अधिक १४ म्हणजे ३६. भागिले ६ म्हणजे ६ दिवस.

आता ‘ए’ वगळता सर्व कामे एकामागून एक होतात व त्यांची बेरीज ३० दिवस येते. हाच निर्णायक मार्ग. यातील कोणतेही काम एक दिवस लांबले तर पाठ एक दिवस लांबतो. चित्रे मात्र १२ व्या दिवसानंतर सुरू केली तर १७ व्या दिवशी तयार होतात, आणि मुद्रणास ती २३ व्या दिवसअखेर हवी असतात. म्हणजे चित्रकारापाशी ६ दिवसांची सवड आहे. ही सवड ध्यानात न आल्यामुळे बहुतेक गट चित्रकाराच्या पाठीस लागतात. त्याने कितीही त्वरा केली तरी पाठ एका दिवसानेही लवकर पुरा होणार नाही. उलट विषयतज्ज्ञाचे परीक्षण १८ व्या दिवशी पुरे होईपर्यंत चित्रे सुरूच केली नाहीत, तरी ती २३ व्या दिवशी वेळेवर तयार होतात, आणि तज्ज्ञाने काढलेल्या चुकांमुळे ती पुन्हा काढावी लागत नाहीत. सवड ही अशी विचारपूर्वक खर्च करावयाची वस्तू आहे.

खरा वाव ‘ई’ मध्ये आहे. दहा मिनिटांची संहिता वाचावयास तज्ज्ञास सहा दिवस लागत नाहीत. संहिता त्याच्या टेबलावर पडून राहते. पंधरा दिवस अगोदर दिवस ठरवून घेतला, कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवीत ते लिहून दिले आणि परीक्षण दोन दिवसांत झाले, तर एकूण काल २६ दिवसांवर येतो. नव्या मांडणीत तज्ज्ञाच्या परीक्षणानंतर, म्हणजे १४ व्या दिवसानंतर, चित्रे सुरू केल्यास ती १९ व्या दिवशी, दुरुस्तीबरोबरच, संपतात. आता चित्रकाराची सवड उरली नाही, आणि त्याच्या कामाकडेही तितकेच लक्ष द्यावे लागेल. एक अडचण दूर केली की निर्णायक मार्ग कसा सरकतो हे या छोट्या गणितातूनही दिसते. वाचलेले चार दिवस कोठे वापरावयाचे हा मात्र गणिताचा प्रश्न नव्हे. ते ‘उ’ आणि ‘ओ’ या दोन चाचण्यांना देणे हाच अनुदेशन-रचनाकाराचा निर्णय असावयास हवा.

५. माणसांचा मेळ

काम मागे पडले की माणसे वाढवावीत, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. संगणकशास्त्रज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये आयबीएम मधील अनुभवावरून असे प्रतिपादन केले की, रखडलेल्या संगणक-प्रकल्पात माणसे वाढविल्याने तो अधिकच रखडतो. नव्यांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि परस्पर संवादाच्या जोड्या झपाट्याने वाढतात. चार जणांत अशा ६ जोड्या असतात. आठ जणांत २८. अनुदेशन-रचनेसही हे निरीक्षण लागू पडते. संहिता निम्मी झाल्यावर आलेल्या नव्या लेखकास भाषेची धाटणी, परिभाषा आणि शिकणाऱ्याची पूर्वतयारी या साऱ्यांची ओळख करून द्यावी लागते.

म्हणून माणसे वाढविण्याऐवजी निर्णयाचे अधिकार स्पष्ट करणे अधिक हिताचे. विषयतज्ज्ञाचा अखेरचा शब्द आशयाच्या अचूकतेपुरता, अध्यापनक्रमाबाबत रचनाकाराचा, आणि पाठ समजला की नाही याबाबत शिकणाऱ्याचा. ही वाटणी आरंभीच लेखी करावी. ज्येष्ठ तज्ज्ञ संहिता तपासताना बहुधा आणखी दोन मुद्दे घालावयास सुचवितात. विद्यार्थ्यास त्यांना नकार देणे संकोचाचे वाटते, आणि दहा मिनिटांचा पाठ अठरा मिनिटांचा होतो. अशा वेळी ‘सरांची सूचना मोलाची आहे, ती पुढील पाठासाठी नोंदवून ठेवतो’ असे म्हणता येण्यासाठी सूचनांची एक नोंदवही आणि आरंभी मान्य झालेली कालमर्यादा ही दोन्ही हाताशी असावी लागतात. आदर राखून कामाची व्याप्ती आवरणे हे कौशल्यच आहे, आणि ते सरावाने येते.

६. शिक्षणाची दिशा

व्यवस्थापनाची ही कौशल्ये केवळ व्याख्यानांतून आत्मसात होतील, असे संभवत नाही. त्याचप्रमाणे एखादी संगणक-प्रणाली वापरता येणे म्हणजेही व्यवस्थापन येणे नव्हे. तक्ता सुबक काढणारी प्रणाली चुकीचा अंदाजही तितक्याच सुबकतेने दाखवते. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रथम कागदावर वरील प्रकारचे गणित मांडता आले पाहिजे, आणि नंतर खऱ्या माणसांच्या खऱ्या विलंबांना तोंड देता आले पाहिजे. बोरिवली किंवा मुलुंडहून नोकरी सांभाळून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटास एकत्र बसावयास आठवड्यातून एखादीच संध्याकाळ मिळते. हे बंधनही नियोजनात आधीच धरले पाहिजे, ते सबब म्हणून नंतर पुढे येऊ नये.

असाही आक्षेप घेतला जातो की, वेळापत्रकाच्या काचात सर्जनशीलता कोमेजते. या आक्षेपात तथ्यांश आहे. पाहणीत अनपेक्षित काही आढळले तर उद्दिष्टे बदलावी लागतात, आणि आराखड्यास चिकटून राहणे तेव्हा दोषास्पद ठरते. परंतु आराखडा असल्याखेरीज काय बदलले आणि त्याची किंमत काय, हेही कळत नाही. शाळा जूनमध्ये उघडते. शिक्षकांचे प्रशिक्षण त्यापूर्वीच व्हावे लागते. ही तारीख रचनाकाराच्या हाती नसते. त्याच्या हाती असते ती पाठाची व्याप्ती आणि कामांचा क्रम.

या दृष्टीने विभागांनी दोन गोष्टी कराव्यात असे सुचविता येईल. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पास गुण देताना तयार झालेल्या पाठाबरोबर मूळ आराखडा, प्रत्यक्ष दिवसांची नोंद आणि झालेल्या बदलांची कारणे यांचेही मूल्यमापन व्हावे. तसेच शिकणाऱ्याकडून झालेल्या चाचणीचा वृत्तान्त जोडला नसेल, तर प्रकल्प अपूर्ण समजला जावा. पहिल्या सूचनेमुळे विद्यार्थ्यास स्वतःच्या अंदाजांतील चुका दिसू लागतील. दुसरीमुळे, वेळ अपुरा पडला असता ही चाचणी सोडून अन्यत्र काटछाट करण्याची सवय त्यास लागेल. पाठात चित्रे दहाऐवजी सहा असली तरी चालेल. ज्याच्यासाठी पाठ केला त्याने तो एकदाही पाहिलेला नसणे मात्र चालणार नाही.